घरखर्चाची वही आणि शेकड्याचें व्याज

गेल्या बाजाराच्या दिवशीं घरांतून किती पैसे घेऊन निघालां, आणि सायंकाळीं परत आलां तेव्हां किती उरले, असें कोणीं एकाएकीं विचारलें तर तुम्हांस सांगतां येईल काय? घेतलेल्या जिनसा आठवतील. तेल, मीठ, मिरची, मुलाची वही, एवढें सांगतां येईल. परंतु त्यांची बेरीज आणि गेलेली रक्कम यांचा मेळ बहुधा बसणार नाहीं. मध्यें शंभर-दीडशें रुपयांचें एक भोंक राहील, व तें कोठें पडलें हें घरांत कोणासही ठाऊक नसेल. आजच्या पाठांत आपण प्रथम या भोंकाचा शोध घेऊं, आणि मग त्याच वाटेनें व्याज घरांत कसें शिरतें तें पाहूं.

हिशेब ठेवणें हें दुकानदाराचें व सावकाराचें काम, आपलें नव्हे, असा समज आपल्या घरांतून फार दिवसांपासून चालत आला आहे. हा समज त्या दोघांस मोठा फायद्याचा झाला. ज्याच्या वहींत आपलें नांव आहे त्याला आपला हिशेब पाठ, आणि ज्याचें नांव आहे त्याला मात्र कांहीं ठाऊक नाहीं, अशी ही उलटी रीत पडली. ती मोडण्यास फार शिक्षण लागत नाहीं. मुलांची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही पुरे. डाव्या पानावर जमा लिहावी व उजव्या पानावर खर्च. रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील जें मूल लिहितें-वाचतें असेल त्यानें वही घेऊन बसावें, व मोठ्यांनीं आठवून सांगावें. पांच मिनिटांचें काम आहे. दुसऱ्या दिवसावर मात्र तें टाकूं नये, कारण रात्र गेली कीं लहान खर्च विसरतो, आणि आपणांस शोध तर लहान खर्चाचाच करावयाचा आहे.

एक नियम मात्र कडक पाळावा. पहिला महिनाभर कोणीं कोणास कांहींएक बोलूं नये. नवऱ्यानें पानतंबाखूचे वीस रुपये सांगितले आणि त्यावरून घरांत शब्दाला शब्द लागला, तर दुसऱ्या दिवशीं तो दहा सांगेल. बायकोनें कांसाराकडून बांगड्या भरल्या व त्यावरून तिला टोमणा मिळाला, तर ती त्या पैशांची साखर लिहवील. खोटी वही ही वही नसण्याहून वाईट. महिना भरल्यावर सर्वांनीं एकत्र बसून बेरीज करावी, म्हणजे बोलण्याचें काम आंकडेच करितात.

दररोजचे वीस रुपये ही रक्कम ऐकतांना कोणासही मोठी वाटत नाहीं. फाट्यावरचे दोन कप चहा झाले, किंवा तंबाखूच्या दोन पुड्या. परंतु वीस रुपये दररोज म्हणजे महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३०० रुपये. एवढ्यांत पेरणीच्या बियाण्याचा बराच भाग सुटतो. चहा पिऊंच नये असें मी म्हणत नाहीं. दिवसभर राबलेल्या मनुष्यास घोटभर चहा हवा असतो, आणि जो उपदेशक स्वतः तीन वेळां चहा घेऊन मजुरास चहा सोडण्यास सांगतो त्याचें कोणीं ऐकूंही नये. घरचा चहा घ्यावा, एवढेंच. तंबाखूची गोष्ट मात्र वेगळी. तींत पैसा जातो तो जातोच, आणि तोंडाच्या कर्करोगाचें आपल्या देशांतील मोठें कारण तंबाखू खाणें हेंच आहे. महाराष्ट्रांत गुटख्याच्या विक्रीस २०१२ सालीं बंदी झाली, तरी चोरून तो विकला जातो हें आपण सर्व पाहतों. आपल्या स्त्रियांच्या मिश्रीचाही हिशेब याच सदरांत धरावा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय, दंतमंजन नव्हे.

पुड्यांविषयीं एक सूचना. लहान पुडी नेहमीं महाग व मोठी वस्तु नेहमीं स्वस्त असें पुष्कळ लोक सांगतात, पण तें सरसकट खरें नाहीं. केस धुण्याच्या पातळ साबणाची लहान पुडी कित्येकदां मोठ्या बाटलीहून मापानें स्वस्त पडते. उलट पांच व दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षें तीच राहते आणि आंतील वजन मात्र घटत जातें. वेष्टनावर वजन व किंमत हीं दोन्ही छापलेलीं असतात. किंमत आपण वाचतों. वजन वाचीत नाहीं. मुलांस भागाकार शिकवावयाचा असेल तर दुकानाच्या ओट्यासारखी दुसरी शाळा नाहीं. दहा रुपयांत किती ग्राम, व शंभर रुपयांत किती, हें त्यांच्याकडून काढून घ्यावें. तसेंच दिव्याचें. साठ वॅटचा जुना दिवा दररोज पांच तास जळला तर महिन्यास ९ युनिटें वीज खातो. त्याच्या जागीं नऊ वॅटचा एलईडी लाविला तर तेवढ्याच वेळांत सव्वा ते दीड युनिटांत काम भागतें.

आतां धान्याकडे वळूं, कारण गरिबाच्या घरचा मोठा खर्च तोच. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालीं झाला. त्याप्रमाणें प्राधान्य गटांतील शिधापत्रिकेवर माणशीं महिन्यास ५ किलो, आणि अंत्योदय पत्रिकेवर दर कुटुंबास ३५ किलो धान्य मिळतें; जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य देण्यांत येत आहे. पांच माणसांच्या घरास असे २५ किलो येतात. तें सर्व धान्य घरीं आणावें व खावें. कांहीं घरीं हें धान्य व्यापाऱ्यास मिळेल त्या भावानें देऊन टाकितात, आणि आठ दिवसांनीं त्याच पेठेंतून त्याहून महाग पीठ आणितात. त्यांत कोणाचा लाभ झाला हें सांगणें नको.

शिध्याच्या धान्याशिवाय भाकरीकरितां ज्वारी-बाजरी लागते ती आपण बाजारोबाजार पांच-सहा किलो घेतों. बाजरी दिवाळीच्या सुमारास निघते, शाळू माघ-फाल्गुनांत. सुगीच्या वेळीं भाव बहुधा उतरलेला असतो व श्रावण-भाद्रपदांत चढलेला. समजा, वर्षाला ३ क्विंटल लागतात, आणि सुगींतला व पावसाळ्यांतला भाव यांत किलोमागें ८ रुपयांचें अंतर आहे, तर केवळ वेळ साधल्यानें २,४०० रुपये वांचतात. एकदम तीन क्विंटल घेण्यास पैसा कोठून आणावा, ही अडचण खरी आहे. त्यावर दोन उपाय चालतात. काढणीची मजुरी धान्यानें मिळत असेल तर ती धान्यानेंच घ्यावी. आणि तीन-चार घरांनीं मिळून शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच पोतीं घ्यावीं, म्हणजे आडत व वाहतूक वांचते, व तोलही आपल्या डोळ्यांसमोर होतो.

घेतलेलें धान्य किड्यांनीं खाल्लें तर सर्व व्यर्थ. धान्य ओलसर ठेविल्यानें कीड लागते. चांगलीं उन्हें द्यावीं. दाणा दांताखालीं धरला असतां कट्ट असा आवाज आला म्हणजे तो वाळला. ऊन खाल्लेलें धान्य गरम असतांच कोठींत भरूं नये, निवूं द्यावें. गरम धान्याची वाफ आंत कोंडते व वरचा थर ओला होतो. कोठी जमिनीवर न ठेवितां फळीवर किंवा विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. कडूनिंबाचा पाला सावलींत वाळवून धान्यांत घालण्याची आपल्या आज्यांची रीत चांगली आहे. डाळीस व गव्हास एरंडेलाचा हात लाविला तर तींही टिकतात. विषारी गोळ्या मात्र राहत्या घरांत कधींही वापरूं नयेत. त्यांच्या वायूनें झोपेंत माणसें दगावलीं आहेत.

सरपण व गॅस यांविषयीं घरच्या बायांस मीं काय शिकवावें! तरी मटकी, हरभरा, राजमा हीं रात्रीं भिजत घालावीं, भांड्यावर झांकण ठेवावें, आणि उकळी फुटल्यावर जाळ कमी करावा, एवढें सांगतों. उकळलेलें पाणी मोठ्या जाळानें अधिक तापत नाहीं. वाफ मात्र अधिक जाते. १४.२ किलोची टाकी कोणत्या तारखेस लाविली तें वहींत टिपावें, म्हणजे ती किती दिवस पुरली हें कळतें.

येथें एक इशारा देणें मला अवश्य वाटतें. काटकसरीचा धडा घरांत वाचला जातो तेव्हां तो बहुधा आईच अंगाला लावून घेते, आणि आपल्या ताटांतून ती बचत करूं लागते. सर्वांचीं जेवणें झाल्यावर उरलें तर कालवण, नाहीं तर चटणी. दूध पोरांना, अंडें नवऱ्याला. ही बचत नव्हे. अंगांत रक्त नसलेली बाई बाळंतपणांत अडते, आणि मग जो खर्च येतो तो वर्षभर वांचविलेल्या दुधाच्या दहापट असतो. खर्चानेंच निभावलें तर तेंही भाग्य. ज्या वहींत कपात दिसते ती कोणाच्या पोटांतून आली, हें वही तपासणारानें विचारलें पाहिजे. मुलांचें दूध, शाळा, व दुखण्यावर वेळीं घेतलेलें औषध यांस कात्री लावूं नये. मोठें दुखणें आलें तर कर्ज काढण्यापूर्वीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत असलेलें रुग्णालय कोणतें याची चौकशी करावी. तेथें आरोग्यमित्र बसतो, त्यास शिधापत्रिका व आधार दाखवून विचारावें.

कर्जाचा विषय निघालाच आहे. आमच्या माहितींतील एका घराची गोष्ट सांगतों. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. घरच्या म्हाताऱ्याच्या आजारांत त्यांनीं पांच रुपये शेकड्यानें २०,००० रुपये घेतले. दर महिन्यास एक हजार रुपये न चुकतां ते देत आले, आणि आपण वेळच्या वेळीं देतों याचा त्यांस अभिमानही होता. तीन वर्षें झाल्यावर मुलीनें वहींत बेरीज केली. ३६,००० रुपये दिले गेले होते, आणि मुद्दल वीस हजार जसेंच्या तसें उभें होतें! त्या रात्रीं त्या घरीं चूल पेटली नाहीं, असें त्या मुलीच्या आईनें मला सांगितलें.

'पांच रुपये शेकडा' हे शब्द कानास किती हलके लागतात पाहा. शंभराला पांच, त्यांत काय मोठें? पण हा दर महिन्याचा असतो, वर्षाचा नव्हे. वर्षाचा दर त्याच्या बारापट, म्हणजे शेकडा ६०. दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षास २४. तीन म्हणजे ३६. आणि दहा रुपये शेकड्यानें पैसे देणारेही आहेत, तो दर वर्षाचा १२० होतो. बँक जेव्हां शेकडा बारा सांगते तेव्हां तो वर्षाचा दर असतो, म्हणजे आपल्या भाषेंत एक रुपया शेकडा. भाषेच्या या फरकानें भोळ्या मनुष्याला बँकेचे बारा महाग व सावकाराचे पांच स्वस्त वाटतात! म्हणून कोणीही दर सांगितला तर पहिला प्रश्न हा करावा: महिन्याचा कीं वर्षाचा?

दुसरा प्रश्न असा: फिटलेल्या मुद्दलावरही व्याज लागतें काय? हप्त्यानें वसुली करणारे कित्येक लोक सांगतात, "दहा हजार घ्या, शेकडा बारानें वर्षाचें व्याज बाराशें, बारा हप्त्यांत ११,२०० फेडा." हिशेब सरळ दिसतो. परंतु पहिला हप्ता दिल्यावर तुमच्याजवळ दहा हजार राहतातच कोठें? दर महिन्यास मुद्दल उतरत जातें, आणि व्याज मात्र पुऱ्या दहा हजारांवर आकारलेलें असतें. वर्षभरांत सरासरीनें सुमारें साडेपांच हजारच तुमच्या वापरांत होते. त्यांवर बाराशें व्याज म्हणजे खरा दर शेकडा २१-२२ पडतो. कर्ज घेऊंच नये असा याचा अर्थ नव्हे. मात्र दर विचारून, कागदावर मांडून, व कागदाची प्रत घेऊन कर्ज घ्यावें.

वरच्या घराचें पुढें काय झालें तें सांगतों. ती बाई ज्या बचत गटांत होती त्या गटानें तिला दोन रुपये शेकड्यानें, उतरत्या मुद्दलावर, वीस हजार दिले, व तिनें जुनें कर्ज एकदम फेडिलें. महिन्याचे हजार रुपये ती पूर्वींसारखेच देत राहिली. पहिल्या महिन्यास त्यांतून ४०० व्याजाचे व ६०० मुद्दलाचे गेले. दुसऱ्यास व्याज ३८८ झालें. असें होतां होतां सव्विसाव्या महिन्यांत सर्व कर्ज निरसलें. रक्कम तीच, हप्ताही तोच. एकीकडे छत्तीस महिन्यांत मुद्दलाचा एक रुपया हलला नाहीं, दुसरीकडे सव्वीस महिन्यांत सगळें फिटलें. शिवाय तिनें दिलेलें व्याज गटाच्याच पेटींत राहिलें, व त्यांत तिचाही वांटा होता.

अशा गटांची कल्पना कांहीं आकाशांतून पडलेली नाहीं. आपल्या दक्षिणेंत या व्याजापायीं काय घडलें तें इतिहासांत नमूद आहे. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले व त्यांनीं सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळिले. तें लोण पुणें व नगर या जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं पोहोंचलें. सरकारनें चौकशी नेमिली, व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. रोखे जाळल्यानें त्या वर्षापुरता राग शमला, पण पुढल्या पेरणीस पैसा कोण देणार हा प्रश्न तसाच राहिला. त्याच प्रश्नाचें उत्तर जर्मनी देशांत एका खेडवळ भागाच्या अधिकाऱ्यानें शोधिलें होतें. त्याचें नांव फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन. १८४६-४७ च्या दुष्काळी हिंवाळ्यांत त्यानें वायरबुश गांवीं मंडळी जमवून गरिबांस भाकर उधार मिळण्याची सोय केली. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं श्रीमंतांच्या दयेवर चाललेली मदत फार दिवस टिकत नाहीं; गरिबांनीं स्वतः एकमेकांचे जामीन व्हावें व आपलाच पैसा आपणांत फिरवावा. या तत्त्वावर १८६४ सालीं त्यानें हेड्डेसडॉर्फ येथें पतपेढी काढिली. दृष्टि अधू झाल्यामुळें त्याला नोकरी सोडावी लागली, पण हें काम त्यानें सोडिलें नाहीं. हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला तो याच धर्तीवर. आणि १९९२ पासून नाबार्ड या बँकेनें बचत गट व बँका यांची सांगड घालून दिली.

गट लहानच असावा. दहा ते वीस जण. बारा बायांनीं महिन्यास शंभर शंभर घातले तर वर्षास १४,४०० होतात. बैठक ठरल्या दिवशीं, पैसे सर्वांदेखत मोजलेले, कर्ज कोणाला व कशाला द्यावें हें सर्वांनीं मिळून ठरविलेलें, आणि वही उघडी. गट मोडतात ते दारिद्र्यानें नव्हे. वही एकीच्याच घरीं राहते व दुसऱ्या कोणास दिसत नाहीं, तेव्हां मोडतात. पाळीपाळीनें दोघींनीं हिशेब लिहावा. भिशींत व गटांत एक फरक आहे तोही जाणून असावें. भिशींत ज्याची चिठ्ठी निघाली त्याला रक्कम मिळते, मग गरज असो वा नसो. गटांत गरज पाहिली जाते.

परवाना नसतां व्याजानें पैसे देण्याचा धंदा करणें हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानें गुन्हा आहे. त्याविषयीं तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या कचेरींत, करितां येते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मात्र कोणासही देऊं नये. मागाहून केलेली तक्रार त्यानें लंगडी होते.

वांचलेला पैसा लुगड्याच्या गांठींत किंवा डब्यांत राहत नाहीं. त्याला पाय असतात. टपालकचेरींत आवर्ती ठेव महिन्यास १०० रुपयांपासून घेतात व ती पांच वर्षें चालते. व्याज फार नसतें, पण रक्कम सुरक्षित. कोणीं थोड्या महिन्यांत दामदुप्पट करून देतों म्हणूं लागला तर त्याला एक गणित घालावें. ७२ या संख्येस वर्षाच्या व्याजाच्या दरानें भागिलें असतां पैसा दुप्पट होण्यास किती वर्षें लागतात तें सुमारें कळतें. शेकडा ८ दरानें नऊ वर्षें, शेकडा ६ नें बारा. एका वर्षांत दुप्पट देणारा मनुष्य आपणांस शेकडा शंभर देतों म्हणतो. तो तें कोणत्या धंद्यांतून कमावणार, असें विचारून पाहावें.

शेवटीं वर्षाच्या खर्चाविषयीं. आपलें उत्पन्न सुगीला येतें, किंवा मजुरीच्या आठवड्याला. महिन्याच्या पगाराचा हिशेब आपणांस तसाच्या तसा लागू पडत नाहीं. म्हणून वहीच्या मागच्या पानावर वर्षांतून एकदां येणारे खर्च लिहावे: उन्हाळ्यांत घर शाकारणें, जूनांत बियाणें व शाळेचीं पुस्तकें, नाताळचे कपडे, भाच्याच्या लग्नाचा अहेर. यांतला एकही खर्च अवचित नसतो. तरी दरवर्षीं आपण तो अवचित आल्यासारखे धांवतों. बेरीज १८,००० आली तर महिन्यास दीड हजार. ज्या महिन्यांत मजुरी चांगली लागते त्या महिन्यांत दोन-अडीच हजार बाजूस टाकावे, म्हणजे श्रावणांतील रिकाम्या महिन्याची भर होते.

पुढील बैठकीकरितां शिक्षकांनीं हें उदाहरण फळ्यावर घालावें. एका कुटुंबानें जूनच्या आरंभीं बियाण्याकरितां चार रुपये शेकड्यानें ८,००० रुपये घेतले, व नोव्हेंबरच्या अखेरीस सोयाबीन विकून मुद्दल व व्याज एकदम दिलें. व्याज किती झालें? तेवढ्या व्याजांत बियाण्याचा किती भाग आला असता? हेंच कर्ज एक रुपया शेकड्यानें मिळालें असतें तर किती वांचलें असतें? उत्तरें निघाल्यावर आपल्या वस्तींत आज कोणता दर चालू आहे तें प्रत्येकास विचारावें, व सांगणाराचें नांव न लिहितां तो दर फळ्यावर मांडून त्याची बारापट करावी.